बव्हेरियाच्या बोलीचा कोशकार : योहान आंड्रेआस श्मेलर

योहान आंड्रेआस श्मेलर (1785–1852) हे जर्मन बोलींच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचे आद्य प्रवर्तक मानले जातात. दक्षिण जर्मनीतील बव्हेरियात शेतकरी, कारागीर, गुराखी आणि बाजारातली माणसे जी भाषा बोलत, तिचे व्याकरण त्यांनी 1821 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे 1827 ते 1837 या काळात तिचा चार खंडांचा कोश त्यांनी पूर्ण केला. ‘बायरिशेस व्योर्टरबुख’, म्हणजे बव्हेरियन शब्दकोश, या नावाचा हा ग्रंथ जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही अभ्यासकांच्या हाताशी असतो. सैनिक, शिक्षक, ग्रंथपाल, कवी, दैनंदिनीकार आणि जुन्या हस्तलिखितांचे संपादक म्हणूनही श्मेलरांनी आयुष्यात पुष्कळ काही केले. पण त्या साऱ्या कामांमागची ओढ एकच होती. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द हा हजार वर्षांपूर्वीच्या चर्मपत्रावरील शब्दाइतकाच भरवशाचा पुरावा आहे, असे ते मानत आणि त्याच विश्वासाने काम करत.

त्या काळात हा विचार रूढ नव्हता. मार्टिन लूथरच्या बायबलनंतर मध्य-पूर्व जर्मनीतील लेखनभाषा हळूहळू साऱ्या जर्मन प्रदेशांची ग्रंथभाषा होत गेली. कॅथलिक बव्हेरियाने आपली वेगळी दाक्षिणात्य लेखनपद्धती बराच काळ टिकवली, परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तीही मागे पडली. योहान क्रिस्टोफ आडेलुंग यांचा मोठा जर्मन कोश 1774 पासून निघू लागला. त्याने वरच्या सॅक्सनीतील सुशिक्षितांच्या भाषेला आदर्शाचे स्थान दिले. याचा परिणाम म्हणून दक्षिणेकडची बोली म्हणजे प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप, अशी समजूत शिकलेल्या लोकांत पक्की झाली. बोलीतले शब्द कोणी गोळाच करत नव्हते, असे मात्र नाही. आंद्रेआस त्साउप्सर यांनी 1789 मध्ये म्युनिकमध्ये बव्हेरिया आणि ओबरप्फाल्त्स या भागांतील शब्दांचा एक छोटा संग्रह छापला होता. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्त्स योझेफ श्टाल्डर या पाद्र्याचा स्विस बोलींचा कोश 1806 ते 1812 या काळात दोन खंडांत आला. श्टाल्डरांचे काम महत्त्वाचे होते, पण एकंदरीत अशा संग्रहांची दृष्टी नवलाईची होती. प्रमाणभाषेत न सापडणारे, गंमतीदार किंवा दुर्मीळ शब्द वेचून ठेवणे एवढाच त्यांचा हेतू असे. बोलीला स्वतःचे नियम असतात आणि त्या नियमांना इतिहास असतो, ही जाणीव त्यांत क्वचितच दिसते.

श्मेलर यांचा जन्म 6 ऑगस्ट 1785 रोजी ओबरप्फाल्त्समधील टिर्शेनरॉइट या गावी झाला. वडील टोपल्या विणत. हे घराणे आपल्याकडच्या बुरुडांसारखेच गरीब होते. श्मेलर दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास कुटुंब पोट भरण्यासाठी दक्षिणेला, वरच्या बव्हेरियात प्फाफेनहोफेनजवळच्या रिनबेर्ग या वस्तीत आले. चरित्रातील हा तपशील भाषेच्या दृष्टीने मोलाचा आहे. आईवडिलांची बोली उत्तरेकडची होती आणि भोवतालच्या मुलांची दक्षिणेकडची. या दोन्ही बव्हेरियनच्याच शाखा; तरी त्यांतले स्वर इतके निराळे आहेत की माणूस तोंड उघडताच तो कुठला हे कळते. प्रमाण जर्मनमध्ये ‘लीब’ (प्रिय) असा जो शब्द आहे, तो वरच्या बव्हेरियात ‘लिअब’ होतो आणि ओबरप्फाल्त्समध्ये ‘लेइब’. ‘ब्रूडर’ (भाऊ) हा एकीकडे ‘ब्रुअडा’ आणि दुसरीकडे ‘ब्रोउडा’. दोन्हीकडे संयुक्त स्वर आहेच, फक्त त्याचे दोन भाग जणू उलटे लावलेले आहेत. घरात एक उच्चार आणि अंगणात दुसरा ऐकत वाढलेल्या मुलाला हे बदल अंदाधुंद नाहीत, त्यांच्यात नियमित नाते आहे, हे कोणी न शिकवता उमगले असणार.

शायर्नच्या मठातील शाळा, मग इंगोलश्टाट आणि त्यानंतर म्युनिक असे त्यांचे शिक्षण झाले. 1801 पासून ते दैनंदिनी लिहू लागले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, लिहीत राहिले. 1803 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी लेखन आणि लेखनाचे शिक्षण या विषयावर एक प्रबंध तयार केला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. उच्चार आणि अक्षर यांचा संबंध काय, मुलाला अक्षरओळख करून देताना त्याच्या तोंडातले ध्वनी कसे विचारात घ्यावेत, असे प्रश्न त्यात आहेत. पुढच्या कामाचे बीज येथेच आहे. फरक इतकाच की तेव्हा त्यांच्यासमोर अभ्यासक नव्हते, खेड्यातली शाळकरी मुले होती.

शिक्षक व्हायचे या ध्यासाने 1804 मध्ये ते पायी स्वित्झर्लंडला गेले. योहान हाइनरिख पेस्टालॉझी यांची नव्या पद्धतीची शाळा तेव्हा बुर्गडॉर्फ येथे होती आणि तिची कीर्ती युरोपभर पसरली होती. तेथे त्यांना जागा मिळाली नाही. हातात पैसा नव्हता, म्हणून स्पेनच्या सेवेत असलेल्या एका स्विस पलटणीत त्यांनी शिपाई म्हणून नाव घातले आणि ते तारागोनाला पोहोचले. योग असा, की त्याच पलटणीतले अधिकारी स्पेनमध्ये पेस्टालॉझींची पद्धत रुजवण्याच्या खटपटीत होते. माद्रिदमध्ये त्यासाठी सरकारी संस्था निघाली आणि श्मेलर तेथे 1806 पासून शिकवू लागले. 1808 च्या आरंभी ती संस्था बंद पडली. मग ते स्वित्झर्लंडला परतले आणि सामुएल हॉप्फ यांच्यासोबत त्यांनी बाझल येथे खासगी शाळा चालवली. हे शाळेचे पर्व 1813 पर्यंत चालले.

नऊ वर्षांचा हा परदेशवास वरवर पाहता उमेदीची वाया गेलेली वर्षे वाटतो. प्रत्यक्षात बोलीच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली पाठशाळा मिळणे कठीण होते. स्विस पलटणीत निरनिराळ्या प्रांतांचे शिपाई आपापली बोली बोलत. स्पेनमध्ये कॅस्टिलियन आणि कॅटलान या दोन्ही भाषा कानांवर पडत. बाझलमध्ये तर प्रतिष्ठित घराण्यांतही स्थानिक आलेमानिक बोली निःसंकोच वापरली जाई. बोली बोलणे हे कमी दर्जाचे लक्षण नसून त्या-त्या समाजाच्या रीतीचा भाग आहे, हे श्मेलरांनी तेथे रोजच्या व्यवहारात पाहिले. बव्हेरियात राहून हे त्यांना इतक्या स्पष्टपणे दिसले नसते.

ऑक्टोबर 1813 मध्ये बव्हेरियाने नेपोलियनची साथ सोडली आणि त्याच्याविरुद्धच्या आघाडीत प्रवेश केला. श्मेलर मायदेशी परतले, सैन्यात लेफ्टनंट झाले आणि 1815 मध्ये फ्रान्समध्येही जाऊन आले. मात्र मोठ्या लढाईत उतरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. युद्ध संपले, तेव्हा वयाची तिशी ओलांडलेला, कोणतीही पदवी नसलेला एक कनिष्ठ अधिकारी एवढीच त्यांची ओळख होती.

याच सुमारास म्युनिकच्या राजग्रंथालयातील योझेफ शेरर यांनी त्यांना बव्हेरियन बोलीचा कोश करण्याची कल्पना सुचवली. राजपुत्र लुडविग (पुढे राजा पहिला लुडविग) यांनी आर्थिक मदत दिली आणि विज्ञान अकादमीने पाठबळ. लष्करातून दीर्घ रजा मिळाली आणि 1816 मध्ये काम सुरू झाले. राजघराण्याला या कामात रस का वाटला, हे समजण्यासाठी तेव्हाचे राजकारण ध्यानात घ्यावे लागते. बव्हेरिया 1806 मध्ये राज्य म्हणून घोषित झाले होते आणि नेपोलियनच्या काळात त्याला फ्रँकोनिया आणि स्वाबियाचे मोठे प्रदेश जोडले गेले होते. शतकानुशतके वेगवेगळ्या सत्तांखाली राहिलेली ही माणसे आता एका राजाची प्रजा होती. त्यांच्या जुन्या रीती, इतिहास आणि भाषा यांची नोंद करणे हे नव्या राज्याला स्वतःची ओळख करून घेण्यासारखेच होते. श्मेलरांचा कोशही म्हणूनच साऱ्या राज्याचा आहे. भर जुन्या बव्हेरियन मुलुखावर असला, तरी फ्रँकोनियन आणि स्वाबियन शब्दांनाही त्यात जागा आहे.

साहित्य जमवण्याची त्यांची रीत साधी आणि चोख होती. 1816 मध्ये ते बव्हेरियाच्या अनेक भागांत पायी फिरले. खेड्यांत, खाणावळींत, वाटेवर भेटलेल्या माणसांचे बोलणे त्यांनी टिपून घेतले. म्युनिकच्या छावणीत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून भरती झालेले तरुण एकाच ठिकाणी सापडत. स्वतः अधिकारी असल्याने त्यांच्याशी बोलणे, एकच शब्द निरनिराळ्या गावच्या रंगरूटांकडून वदवून घेणे त्यांना सोपे होते. गावोगावचे धर्मगुरू आणि सरकारी नोकर यांच्याकडूनही माहिती येई. पण खेड्यातल्या गरीब माणसाशी ते त्याच्याच भाषेत बोलत, आणि खरी बाजी येथेच मारली गेली. शिकलेल्या माणसाने वही काढून प्रश्न विचारला की समोरचा माणूस ठेवणीतले शब्द काढतो; आपल्या बोलीत विचारले की सहज उत्तर देतो. टोपल्या विणणाऱ्याच्या मुलाला ते सहज उत्तर मिळू शकत होते.

या श्रमाचे पहिले फळ म्हणजे 1821 मध्ये म्युनिकला प्रसिद्ध झालेले ‘डी मुंडआर्टेन बायर्न्स’ हे बोलींचे व्याकरण. याकोब ग्रिम यांच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग 1819 मध्ये आला होता, आणि त्यातून जर्मन भाषांच्या ऐतिहासिक अभ्यासाला नुकती दिशा मिळत होती. ग्रिम यांचा आधार लिखित ग्रंथ हा होता. श्मेलरांनी जिवंत बोलण्यापासून सुरुवात केली. एकेका ध्वनीचा माग त्यांनी गावागणिक काढला आणि मग तो जुन्या लिखाणाशी ताडून पाहिला. चालू वर्णमालेत बोलीचे उच्चार मावत नाहीत, म्हणून त्यांनी अक्षरांवर खुणा देऊन स्वतःची लेखनपद्धती तयार केली. बव्हेरियनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘न्’ लोपतो आणि आधीचा स्वर नाकातून उच्चारला जातो, ‘ल’चा बऱ्याच ठिकाणी ‘इ’सारखा स्वर होतो, अशा बारकाव्यांसाठी या खुणा आवश्यक होत्या.

या ग्रंथात दोन गोष्टी काळाच्या बऱ्याच पुढे होत्या. एक म्हणजे श्मेलरांनी एकाच ठिकाणच्या बोलण्यात थर ओळखले. खेड्यातल्या सामान्य माणसाचा उच्चार, गावाशहरांतील व्यापारी-कारागीर वर्गाचा उच्चार आणि सुशिक्षितांचा उच्चार ते वेगळे नोंदतात. भाषा जागेप्रमाणे बदलते हे सर्वांनाच दिसत होते. ती समाजातल्या स्थानाप्रमाणेही बदलते, हे पद्धतशीर मांडण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथाला जोडलेला एक छोटा नकाशा. जर्मन बोलींचा हा पहिला नकाशा समजला जातो. त्यात बोलींना नावे दिली आहेत ती नद्यांवरून. त्या वेळच्या बव्हेरियातील जिल्ह्यांची नावेही नद्यांवरूनच होती, त्यामुळे वाचकाला हे परके वाटले नसावे. पण भाषेच्या बाबतीत ही निवड विशेष नेमकी ठरली, कारण लेख नदी ही खरोखरच एक ठळक भाषासीमा आहे. तिच्या पूर्वेला बव्हेरियन बोलतात आणि पश्चिमेला स्वाबियन. आजही ती रेषा बऱ्याच अंशी टिकून आहे.

शब्दकोशाचे खंड 1827, 1828, 1836 आणि 1837 मध्ये श्टुटगार्ट आणि ट्युबिंगेन येथील कोट्टा या प्रकाशनाकडून बाहेर पडले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच त्याची व्याप्ती सांगितली आहे. जिवंत बोलींतले आणि प्रांतातल्या जुन्या, अगदी प्राचीन लिखाणातले असे शब्द, जे सर्वसाधारण जर्मन लेखनभाषेत एक तर अजिबात नाहीत किंवा त्याच अर्थाने वापरले जात नाहीत, त्यांचा हा संग्रह आहे. बोली आणि जुने दप्तर यांना एका ओळीत बसवणे हाच या ग्रंथाचा गाभा आहे. एखादा शब्द गुराख्याच्या तोंडी आढळला की श्मेलर त्याच नोंदीत पंधराव्या शतकातले शब्दसंग्रह, मठांचे हिशेब, नगरांचे कायदे आणि नवव्या शतकातली भाष्ये उलगडतात. आजचा ‘अशुद्ध’ वाटणारा उच्चार जुन्या कागदात जसाच्या तसा भेटतो, आणि प्रमाणभाषेनेच मधल्या काळात वेगळी वाट घेतली, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

कोशाची रचना मात्र नेहमीच्या वर्णानुक्रमाची नाही, आणि नवख्या वाचकाची येथेच दमछाक होते. ‘लिअब’, ‘लेइब’ आणि ‘लीब’ यांपैकी कोणत्या रूपाखाली शब्द लावायचा? स्वर गावागणिक बदलतात. ते आधाराला धरले तर एकच शब्द तीन ठिकाणी विखुरतो. म्हणून श्मेलरांनी शब्दाच्या मूळ अवयवातील व्यंजनांचा सांगाडा मुख्य धरला. आधी आरंभीचे व्यंजन, मग स्वरानंतरचे व्यंजन आणि सर्वांत शेवटी स्वर, असा क्रम त्यांनी ठरवला. काना, मात्रा, वेलांटी काढून टाकून आधी नुसत्या अक्षरांवरून शब्द लावावेत आणि मग त्यांच्या आत मात्रांचा विचार करावा, तसाच हा प्रकार. ‘ब’ आणि ‘प’, ‘ड’ आणि ‘ट’ यांना त्यांनी वेगळी प्रकरणे दिली नाहीत, कारण शब्दारंभी बव्हेरियन बोलणारा त्यांत फरक करत नाही. सामासिक शब्द मूळ शब्दाच्या पोटात गेले. याचा फायदा असा की एकाच मुळापासून निघालेले शब्द, मग ते कुठलेही आणि कुठल्याही काळातले असोत, शेजारी येतात. वापरणाऱ्याला अवघड पडते, हे खरे. पण बोलींच्या कोशापुढचा मूळ प्रश्न या रचनेने प्रामाणिकपणे सोडवला, आणि सोयीसाठी त्याला बगल दिली नाही.

कोशाच्या नोंदी वाचताना आपण शब्दांचा ग्रंथ वाचतो आहोत हे विसरायला होते. शेतीची अवजारे, वजनेमापे, घरांचे भाग, पोशाख, सणांच्या रीती, खेळ, सारा आणि वेठ यांचे प्रकार, दंतकथा, डोंगरी भागातली चार ओळींची झटपट रचलेली गाणी असे सारे त्यात आहे. वरच्या बव्हेरियात हाबरफेल्डट्राइबेन नावाची एक प्रथा होती. गावाच्या नजरेत दोषी ठरलेल्या व्यक्तीच्या घरासमोर रात्री तोंडे रंगवलेले लोक जमत आणि मोठा गोंगाट करत तिचे दोष पद्यात वाचून दाखवत. अशा प्रथांची श्मेलरांनी केलेली नोंद आज इतिहासकार आणि लोकजीवनाचे अभ्यासक पुरावा म्हणून वापरतात. सामान्य माणसाच्या दारिद्र्याबद्दल आणि त्याच्यावरील अन्यायाबद्दल लेखकाला वाटणारी कळकळ कित्येक नोंदींत दिसते. कोशासारख्या रूक्ष समजल्या जाणाऱ्या साहित्यप्रकारात ती क्वचितच आढळते.

बव्हेरियन बोलीचे जुनेपण किती खोल आहे, याची काही उदाहरणे या कोशामुळे प्रसिद्ध झाली. मंगळवाराला तेथे ‘एर्टाग’ म्हणत, आणि त्यात ग्रीक युद्धदेव आरेस याचे नाव दडलेले आहे. गुरुवाराला ‘प्फिन्त्स्टाग’ म्हणत. हा ग्रीक ‘पेम्प्टे’ म्हणजे पाचवा या शब्दापासून आलेला असून, रविवारपासून मोजले की गुरुवार पाचवा येतो. उर्वरित जर्मन प्रदेशांत या वारांची नावे वेगळी आहेत. जत्रेला ‘डुल्ट’ आणि सदऱ्याला ‘प्फोआट’ हे शब्दही गॉथिक भाषेतल्या जुन्या शब्दांशी जुळतात. ग्रीक ख्रिस्ती जगाशी असलेला कुठलातरी जुना संबंध, बहुधा गॉथ लोकांच्या मार्फत, या शब्दांत उरला आहे असे मानले जाते. सर्वनामांतही असाच ठेवा सापडतो. बव्हेरियन बोलणारे ‘तुम्ही’ या अर्थी ‘एस’ आणि ‘तुम्हाला’ या अर्थी ‘एंक’ म्हणतात; ही मुळात द्विवचनाची, ‘तुम्ही दोघे’ या अर्थाची रूपे होती. प्रमाण जर्मनने द्विवचन केव्हाच टाकून दिले.

कोशाचे काम चालू असतानाच म्युनिकमध्ये श्मेलरांना मान मिळू लागला. 1824 मध्ये ते अकादमीचे सदस्य झाले. विद्यापीठ 1826 मध्ये लांड्सहूटहून म्युनिकला आले, तेव्हा ते तेथे जुन्या जर्मन भाषेवर व्याख्याने देऊ लागले. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला मात्र 1846 उजाडले. 1829 मध्ये त्यांची नेमणूक राजग्रंथालयात हस्तलिखितांचे संरक्षक म्हणून झाली. त्यांच्या आधी या जागेवर बेर्नहार्ड योझेफ डोत्सेन होते.

ग्रंथालयातले काम आवाक्याबाहेरचे होते. 1803 मध्ये बव्हेरियातील मठ सरकारजमा झाले आणि सुमारे दीडशे मठांची ग्रंथसंपदा म्युनिकला आली. गाड्या भरभरून आलेली हस्तलिखिते पंचवीस वर्षांनंतरही नीट लावलेली नव्हती. श्मेलरांनी सुमारे 27,000 हस्तलिखितांची व्यवस्था आणि यादी केली. भाषेप्रमाणे गट पाडले, आणि लॅटिन हस्तलिखिते ती ज्या मठांतून आली त्यांच्या नावांनुसार लावली. त्यामुळे एकेका मठाचे मूळ ग्रंथालय कसे होते, हे आजही समजते. त्यांनी रुजवलेले क्रमांक जगभरचे संशोधक अजून वापरतात. हे काम कोशाइतके प्रसिद्ध नाही, परंतु मध्ययुगाच्या अभ्यासावर त्याचे ऋण कदाचित जास्तच आहे.

या हस्तलिखितांतून त्यांनी जे ग्रंथ संपादित केले, त्यांतल्या काहींची नावेच श्मेलरांनी ठेवलेली आहेत. नवव्या शतकातील जुन्या सॅक्सन भाषेतले ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांनी 1830 मध्ये ‘हेलिआन्ट’ या नावाने छापले. जगाच्या अंताचे वर्णन करणारी जुन्या बव्हेरियनमधील एक कविता एका लॅटिन पोथीच्या समासांत आणि कोऱ्या जागांत लिहिलेली सापडली होती. 1832 मध्ये ती प्रसिद्ध करताना तिच्यातच आलेला ‘मुस्पिली’ हा गूढ शब्द त्यांनी शीर्षक म्हणून निवडला. 1838 मध्ये याकोब ग्रिम यांच्यासोबत त्यांनी दहाव्या-अकराव्या शतकांतील लॅटिन काव्यांचे पुस्तक काढले. आणि 1847 मध्ये बेनेडिक्टबॉयर्न मठातून आलेली तेराव्या शतकातील गीतांची पोथी ‘कार्मिना बुराना’, म्हणजे बॉयर्नची गाणी, या नावाने प्रसिद्ध केली. प्रेम, मद्य, जुगार आणि धर्मसत्तेवरची टीका यांनी भरलेली ही लॅटिन आणि काही जुनी जर्मन गीते कार्ल ओर्फ या म्युनिकच्याच संगीतकाराने श्मेलरांच्या आवृत्तीतून घेतली. त्यांवरची त्याची संगीतरचना 1937 मध्ये फ्रँकफुर्टला सादर झाली. ती रचना जगभर ऐकली जाते. ज्या माणसाने या गाण्यांना नाव दिले, तो मात्र क्वचितच आठवतो.

बोलीच्या ओढीने श्मेलर आल्प्सपलीकडेही गेले. इटलीच्या उत्तरेला, व्हिचेन्त्साच्या वरच्या पठारावर ‘सात ग्रामसंघ’ आणि वेरोनाच्या उत्तरेला ‘तेरा ग्रामसंघ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत एक चमत्कारिक जर्मन बोलली जाई. हे लोक स्वतःला किंब्री म्हणवत. इसवी सनापूर्वी 101 मध्ये रोमन सेनापती मारियुसने पराभूत केलेल्या किंब्री टोळीचे आपण वंशज, ही तेथली अभिमानाची समजूत होती आणि काही विद्वानांनीही ती उचलून धरली होती. श्मेलर 1833 मध्ये आणि पुन्हा 1844 मध्ये तेथे गेले. ही भाषा किंब्रींची नसून मध्ययुगात दक्षिणेला उतरलेल्या बव्हेरियन वसाहतकारांची आहे, हे त्यांनी तिच्या ध्वनींवरून आणि रूपांवरून दाखवले. 1838 मध्ये अकादमीने त्यांचा यावरचा प्रबंध छापला. चहूबाजूंनी इटालियनने वेढलेल्या या बोलीत बव्हेरियनची अशी जुनी रूपे शिल्लक होती, जी खुद्द बव्हेरियात बदलून गेली होती. त्यांनी तयार केलेला या बोलीचा कोश मृत्यूनंतर, 1855 मध्ये, योझेफ बेर्गमान यांनी व्हिएन्नाला प्रसिद्ध केला. या वस्त्यांत ती बोली आज जवळपास नाहीशी झाली आहे, त्यामुळे श्मेलरांच्या नोंदींचे मोल वाढतच गेले आहे.

बव्हेरियन कोश 1837 मध्ये पूर्ण झाला, तरी त्यांच्यासाठी तो संपला नव्हता. स्वतःच्या प्रतीत ते शेवटपर्यंत नवे शब्द, नवे दाखले आणि दुरुस्त्या लिहीत राहिले. राजग्रंथालयातील हस्तलिखिते हाताखालून जात असल्याने भर पडायला तोटा नव्हता. 27 जुलै 1852 रोजी म्युनिकमध्ये कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले. तेथील जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यांनी काही कविता आणि एक नाटकही लिहिले होते, पण लेखक म्हणून त्यांचे खरे सामर्थ्य दैनंदिनीत दिसते. ती विसाव्या शतकाच्या मध्यास तीन खंडांत प्रसिद्ध झाली. विद्वानांची भांडणे, दरबारी रीती, पायी प्रवास, पैशाची ओढाताण आणि आईवडिलांविषयीची माया यांचे तिच्यातले चित्रण इतके मोकळे आहे की एकोणिसाव्या शतकातील म्युनिकच्या जीवनाचा तो एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरला आहे.

याकोब ग्रिम यांनी आपल्या जर्मन शब्दकोशाच्या 1854 मधील प्रस्तावनेत श्मेलरांच्या कोशाला कोणत्याही जर्मन बोलीच्या कोशांत अग्रस्थान दिले. न्युर्नबेर्गचे गेओर्ग कार्ल फ्रोमान यांनी श्मेलरांच्या हस्तप्रतीतील भर समाविष्ट करून 1872 ते 1877 या काळात सुधारलेली आवृत्ती काढली. आज अभ्यासक उद्धृत करतात ती हीच. फ्रोमान यांनी 1854 पासून जर्मन बोलींना वाहिलेले नियतकालिकही चालवले. 1876 मध्ये गेओर्ग वेंकर यांनी ठरावीक वाक्ये गावोगावच्या शिक्षकांकडे पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागवली, आणि त्यातून पुढे साऱ्या जर्मनीचा बोलीनकाशासंग्रह उभा राहिला. श्मेलरांच्या 1821 मधील लहानशा नकाशाचा हा विस्तारच म्हणता येईल. पद्धतीत मात्र फरक आहे. वेंकर यांनी टपालाने साहित्य मिळवले, आणि बोलणाऱ्याच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकण्याची जी शिस्त श्मेलरांनी पाळली होती, ती विसाव्या शतकातील क्षेत्रीय अभ्यासाने पुन्हा अंगीकारली.

श्मेलरांच्या कोशाची जागा घेऊ शकेल असा नवा कोश करण्याचे म्युनिक आणि व्हिएन्ना येथील अकादमींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी ठरवले आणि प्रश्नावल्या पाठवून शब्द गोळा करण्याचे मोठे काम सुरू झाले. दोन महायुद्धांमुळे ते लांबले. ऑस्ट्रियातील बव्हेरियन बोलींचा कोश 1963 पासून, आणि बव्हेरियातील नवा कोश 1995 पासून भागाभागांनी निघू लागला. दरम्यान 1985 मध्ये, जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, फ्रोमान यांच्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण झाले. टिर्शेनरॉइट येथे श्मेलरांच्या नावाची संस्था त्यांच्या लेखनाच्या अभ्यासाचे काम करते. नवा कोश अद्याप अपुरा असल्याने, ज्या अक्षरांपर्यंत तो पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी अभ्यासकांना श्मेलरांचेच खंड उघडावे लागतात.